घोड्याच्या रक्तांतील अदृश्य शत्रु

रस्त्यावर मोटारी, शेतांत ट्रॅक्टर आणि दाराशीं फटफटी असतांना घोड्याच्या रोगांवर लेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, जेथें मोटार जात नाहीं तेथें अद्यापि घोडाच जातो. पावसाळा सरला कीं देशावरील कित्येक धनगर आपलीं मेंढरें घेऊन कोंकणाकडे उतरतात. त्या प्रवासांत त्यांचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. अंथरुणें, भांडीं, धान्याच्या गोण्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें आणि प्रसंगीं तान्हीं मुलें हीं सर्व घोडाच वाहून नेतो. भीमेच्या कांठच्या ज्या भीमथडी घोड्यांची मराठ्यांच्या इतिहासांत ख्याति आहे, त्यांचा वंश आज मुख्यतः याच लोकांनीं राखिला आहे. माथेरानच्या डोंगरावर मोटारींस मज्जाव असल्यामुळें तेथें कित्येक कुटुंबांचें पोट घोड्यावरच चालतें. नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या तीरीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या सुमारास, आणि नांदेड जिल्ह्यांत माळेगांवास खंडोबाच्या यात्रेंत, घोड्यांचे मोठे बाजार भरतात. २०१९ सालच्या पशुगणनेंत आपल्या देशांत सुमारें ३ लाख ४० हजार घोडे व तट्टें होतीं. २०१२ सालच्या मानानें ही संख्या पुष्कळच उतरली आहे. परंतु ज्या घरीं एकच घोडा आहे, त्या घरास हे आंकडे काय होत? त्यांचा तो एक घोडा गेला म्हणजे त्यांचें सर्वस्वच गेलें.

घोड्यास पोटशूळ उठला तर तो लोळतो. नाल सैल झाला तर तो लंगडतो. पाठ खोगिरानें सोलली तर जखम दिसते. हीं दुखणीं मालकास तत्काळ कळतात. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, ते रक्तांत लपून राहतात, अधूनमधून डोकें वर काढतात आणि पुन्हां दडी मारतात. मालकास वाटतें घोडा बरा झाला; आणि आंतून तर तो पोखरला जात असतो. अशा रोगांपैकीं दोहोंची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलमंडळींस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे.

रक्त व त्यांतील पाहुणे

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं रक्ताचा थेंब पाहिलाच असेल. साध्या डोळ्यांस रक्त हा एक तांबडा रस दिसतो. परंतु यंत्राखालीं पाहिलें असतां त्यांत एक फिकट पिंवळसर पाणी असून त्यांत असंख्य तांबड्या पेशी तरंगत आहेत, असें आढळतें. फुप्फुसांतील प्राणवायु सर्व शरीरास पोंचविण्याचें काम या तांबड्या पेशी करतात. त्या कमी झाल्या कीं जनावर निस्तेज होतें, त्यास थोड्या श्रमानें धाप लागते, आणि डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आंतील गुलाबी त्वचा पांढुरकी पडते. यासच पंडुरोग म्हणतात.

दुसऱ्याच्या शरीरांत राहून त्याच्याच जिवावर जगणाऱ्या प्राण्यास परोपजीवी म्हणतात. जंत हे आंतड्यांतील परोपजीवी होत, हें सर्वांस माहीत आहे. त्याचप्रमाणें रक्तांत राहणारेही परोपजीवी आहेत; परंतु ते इतके लहान असतात कीं, यंत्रावांचून दिसत नाहींत. मनुष्यास होणारा हिंवताप अशाच जंतूंपासून होतो. घोड्याच्या रक्तांत शिरणाऱ्या जंतूंपैकीं एक तांबड्या पेशींच्या बाहेर, रक्ताच्या पाण्यांत पोहत असतो. दुसरा पेशींच्या आंत घर करतो. पहिल्यापासून 'सर्रा' नांवाचा रोग होतो. दुसऱ्यापासून होणाऱ्या रोगास आम्ही सोयीसाठीं 'गोचिडीचा ताप' असें म्हणूं.

सर्रा रोगाचें स्वरूप

सर्रा हें नांव कोठून आलें याविषयीं दोन मतें आहेत. कांहीं इंग्रजी कोशकार तें आपल्या मराठींतील 'सूर' या शब्दावरून, म्हणजे नाकपुड्यांतून निघणाऱ्या जोराच्या श्वासाच्या आवाजावरून, आलें असें म्हणतात. दुसरे लोक हिंदींतील 'सडा', म्हणजे कुजलेला, या शब्दाकडे बोट दाखवितात. मूळ कांहींही असो, दोन्ही शब्द रोग्याच्या अवस्थेस शोभतात.

या रोगाचा जंतु लांबट व दोहों टोकांस निमुळता असून त्याच्या एका कडेस पातळ झालर असते व पुढें चाबकासारखा एक तंतु असतो. तो तंतु व ती झालर हालवून तो रक्तांत वळवळत पुढें सरकतो. त्याची लांबी एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास असते. तो उभा चिरला जाऊन एकाचे दोन, दोहोंचे चार, असा वाढत जातो.

जंतूंची संख्या वाढली कीं घोड्यास ताप भरतो. कांहीं दिवसांनीं ताप उतरतो. घोडा पुन्हां टवटवीत दिसूं लागतो, आणि मालक त्यावर ओझें लादतो. आठ-पंधरा दिवस जातात न जातात तोंच ताप पुन्हां येतो. असें अनेकदां घडतें. या रोगाचा एक चमत्कारिक विशेष असा कीं, घोडा बहुधा चंदी नीट खातो, पण ती त्याच्या अंगीं लागत नाहीं. बरगड्या वर येतात. पोटाच्या खालच्या बाजूस व पायांवर सूज उतरते. डोळ्याच्या पापणीच्या आंत टाचणीच्या टोंकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. पुढें मागचे पाय लटपटूं लागतात, वळतांना घोडा झोंक जाऊन पडतो, आणि शेवटीं उठतच नाहीं. उपचार न झाल्यास कांहीं घोडे थोड्या आठवड्यांत, तर कांहीं थोड्या महिन्यांत दगावतात.

उंटासही हा रोग होतो. परंतु त्याच्या अंगीं तो वर्षानुवर्षें रेंगाळतो. म्हणूनच उंट पाळणारे लोक त्यास 'तिबरसा', म्हणजे तीन वर्षांचें दुखणें, असें म्हणतात. गाई-म्हशींच्या रक्तांत हे जंतु पुष्कळदां असतात. परंतु त्यांच्यांत रोगाचीं चिन्हें फारशीं दिसत नाहींत. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण गोठ्यांतील धडधाकट दिसणारी म्हैस शेजारीं बांधलेल्या घोड्याच्या रोगाचें मूळ असूं शकते.

ताप कां उतरतो, व उतरून पुन्हां कां चढतो, याचा उलगडा अलीकडील संशोधनानें झाला आहे. रोगजंतु अंगांत शिरला कीं शरीर त्याच्या वरच्या आवरणाची ओळख पटवून घेतें, आणि त्या आवरणावर बरोबर लागू पडणारें शस्त्र रक्तांत निर्माण करतें. त्या शस्त्रानें बहुतेक जंतु मरतात व ताप उतरतो. परंतु या जंतूच्या अंगीं एक विलक्षण कपट आहे. लाखोंपैकीं कांहीं जंतु आपलें आवरण बदलून निराळेंच पांघरतात. गांवच्या पाटलानें तांबड्या पागोट्याचा चोर पकडावा म्हणून सर्वत्र ताकीद द्यावी, आणि चोरानें तेवढ्यांत पांढरें पागोटें घालून वेशींतून निघून जावें, तसाच हा प्रकार! बदललेले जंतु वांचतात, वाढतात, आणि शरीरास नव्यानें शस्त्रें घडवावीं लागतात. अशी पागोटीं या चोरापाशीं शेंकड्यांनीं असतात. म्हणून ताप उतरणें म्हणजे रोग जाणें नव्हे, हें या पाठांतील मुख्य वाक्य विद्यार्थ्यांनीं मनांत कोरून ठेवावें. यामुळेंच या रोगावर उपयुक्त अशी लसही आजवर तयार होऊं शकली नाहीं.

हा जंतु एका घोड्याकडून दुसऱ्याकडे कसा जातो? जनावरांचें रक्त पिणारी, घरमाशीहून बरीच मोठी व बळकट अशी एक माशी आहे. तिला घोडमाशी म्हणतात. ओलसर, चिखलट जागीं ती वाढते. म्हणून पावसाळ्यांत व त्यानंतरच्या महिन्यांत सर्रा अधिक आढळतो. तिचा दंश अतिशय झोंबतो. दंश होतांच घोडा अंग थरथरवितो, शेंपटीचा फटकारा मारतो, आणि माशी अर्धपोटीं उठून शेजारच्या घोड्यावर बसते. तिच्या सोंडेस लागलेलें पहिल्या घोड्याचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत जातें, आणि त्याबरोबर जंतूही जातात. हिंवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत वाढतात, तसे हे माशीच्या पोटांत वाढत नाहींत. माशी येथें केवळ मळलेल्या सुईचें काम करते. सोंडेवरील रक्त सुकलें कीं जंतु मरतात. म्हणून दोन घोड्यांत जितकें अंतर अधिक, तितका धोका कमी. पुढें उपाय सांगतांना या गोष्टीचा उपयोग होईल.

शोधाची हकीकत

आतां हा जंतु कोणीं व कसा शोधिला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. ग्रिफिथ एव्हान्स हे १८३५ सालीं वेल्समध्यें जन्मले. ते प्रथम पशुवैद्य झाले, आणि पुढें कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें मनुष्यवैद्यकाचीही पदवी त्यांनीं १८६४ सालीं मिळविली. लष्करांतील नोकरीमुळें ते हिंदुस्थानांत आले. १८८० सालीं सिंधु नदीच्या पश्चिम तीरावरील डेरा इस्माइलखान येथें, म्हणजे आतां पाकिस्तानांत असलेल्या गांवीं, घोडे व उंट सर्रा रोगानें मरत होते. त्याची चौकशी करण्याचें काम एव्हान्स यांजकडे आलें.

त्यांनीं आजारी घोड्यांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत वळवळणारे जंतु दिसले. निरोगी घोड्यांच्या रक्तांत ते नव्हते. येथेंच ते थांबले नाहींत. आजारी जनावराचें थोडें रक्त त्यांनीं निरोगी जनावराच्या अंगांत घातलें. तेव्हां त्याच्याही रक्तांत तेच जंतु उत्पन्न झाले व त्यासही तोच रोग झाला. यावरून हे जंतूच रोगाचें कारण होत, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

आज हें आपणांस उघड दिसतें. परंतु त्या काळीं सूक्ष्म जंतूंपासून रोग होतात ही कल्पनाच नवी होती. क्षयाचा जंतु कॉख यांनीं १८८२ सालीं दाखविला; हिंवतापाचा जंतु लाव्हरां यांनीं अल्जीरियांत पाहिला, तोही १८८० सालींच. उंदरांच्या रक्तांत तशाच आकाराचे जंतु पूर्वीं आढळले होते, आणि ते उंदरांस अपाय करीत नव्हते. मग घोड्यासच ते कसे मारतील, असें जाणत्या लोकांस वाटलें. एव्हान्स यांचें म्हणणें वरिष्ठांनीं मानलें नाहीं. तरी त्यांनीं आपल्या अहवालांत जें पाहिलें तें जसेंच्या तसें लिहून ठेविलें. पुढें शास्त्रानें त्यांची बाजू खरी ठरविली. या जंतूस त्यांचेंच नांव मिळालें, १९१७ सालीं लिव्हरपूल येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयानें त्यांस मेरी किंग्जली पदक अर्पण केलें, आणि १९३५ सालीं वयाचीं शंभर वर्षें पूर्ण करून ते निवर्तले.

या कथेचा आपल्या प्रांताशीं निकटचा संबंध आहे. जंतूस एव्हान्स यांचें नांव ज्यांनीं दिलें, ते जॉन हेन्री स्टील होत. त्यांनीं १८८५ सालीं ब्रह्मदेशांतील खेचरांच्या रक्तांत हा जंतु पाहिला. पुढल्याच वर्षीं, १८८६ सालीं, मुंबईस परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील. त्यानंतर १८८९ सालीं जनावरांच्या रोगांचें संशोधन करण्यासाठीं सरकारी प्रयोगशाळा उघडली, ती पुण्यास. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं सर्रा रोगाचा कसून अभ्यास केला. १८९३ सालीं ही प्रयोगशाळा हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हालविण्यांत आली. इज्जतनगरची आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही तिचीच वाढ होय. घोडमाशी हा रोग खरोखरच पसरविते, हें लिओनार्ड रॉजर्स यांनीं १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांनीं दाखविलें.

गोचिडीचा ताप

दुसरा रोग गोचिडीमुळें होतो. गोचीड ही केवळ रक्त पिणारी उपद्रवी कीड आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ती रक्त पितांना आपल्या लाळेबरोबर जंतूही घोड्याच्या अंगांत सोडते. हे जंतु दोन जातींचे आहेत. एका जातीचे जंतु प्रथम रक्तांतील पांढऱ्या पेशींत वाढून मग तांबड्या पेशींत शिरतात, आणि पेशीच्या आंत एकाचे चार होऊन क्रुसाच्या आकृतीनें मांडल्यासारखे दिसतात. दुसऱ्या जातीचे जंतु एकदम तांबड्या पेशींतच शिरतात, आणि तेथें नासपतीच्या आकाराच्या जोडीनें दिसतात. ही दुसरी जात गोचिडीच्या अंड्यांतूनही पुढच्या पिढीस पोंचते. म्हणजे ज्या पिल्लानें अद्यापि रक्ताचा थेंबही चाखलेला नाहीं, तेंही आईकडून रोगाचा वारसा घेऊन जन्मास येतें!

पेशी फुटून नाश पावतात, तेव्हां घोड्यास तीव्र ताप येतो, डोळ्यांची त्वचा प्रथम फिकट व मग पिंवळी होते, आणि कधीं कधीं लघवी तांबूस किंवा काळसर होते. या रोगांतून कांहीं घोडे वांचतात. परंतु पहिल्या जातीचे जंतु वांचलेल्या घोड्याच्या रक्तांत बहुधा जन्मभर राहतात. तो घोडा बाहेरून निरोगी दिसतो, ओझें वाहतो, बाजारांत विकला जातो; आणि त्याच्या अंगावरील गोचीड हा जंतु दुसऱ्या घोड्याकडे नेते. घोडी गाभण असल्यास पोटांतील शिंगरासही रोग होऊं शकतो. घोडी गाभडते, किंवा शिंगरूं अशक्त जन्मून मरतें. ज्या घरीं वर्षभर शिंगराच्या आशेवर कर्ज उचललेलें असतें, त्या घरावर त्यावेळीं काय प्रसंग येत असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी.

मनुष्यास धोका आहे काय?

सर्रा मनुष्यास होत नाहीं, असें फार दिवस मानीत असत, आणि तें बहुतांशीं खरेंही आहे. मनुष्याच्या रक्तांत एक विशिष्ट द्रव्य असतें. तें या जंतूंस मारतें. परंतु २००४ सालीं आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यास वारंवार ताप येऊं लागला, आणि त्याच्या रक्तांत सर्रा रोगाचे जंतु आढळले. शास्त्रज्ञांनीं शोध केला, तेव्हां त्याच्या रक्तांत तें संरक्षक द्रव्य जन्मतःच नव्हतें असें दिसून आलें. योग्य औषधानें तो बरा झाला. गांवांतील इतर लोकांचींही रक्तें तपासलीं. कोणाच्याही रक्तांत जिवंत जंतु सांपडले नाहींत. तेव्हां भिण्याचें कारण नाहीं. परंतु जनावरांचें आरोग्य व माणसांचें आरोग्य यांत भिंत नसून केवळ पातळ पडदा आहे, हें या एका उदाहरणावरून कळतें. हातावर उघडी जखम असतां आजारी जनावराचें रक्त हाताळूं नये.

काय करावें, काय करूं नये

घोडा आजारी पडला कीं पुष्कळ ठिकाणीं प्रथम त्यास डाग देतात, गंडा बांधतात, किंवा दृष्ट काढतात. ताप आपल्या नियमानें दोन-चार दिवसांनीं उतरतो, आणि श्रेय डागास मिळतें! दुसऱ्या वेळीं ताप आला कीं पुन्हां डाग, तोही उतरतो. अशा रीतीनें उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. यांत मालकाचें प्रेम उणें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. उलट स्वतः उपाशी राहून घोड्यास चंदी घालणारीं कुटुंबें आहेत. परंतु प्रेमास ज्ञानाची जोड नसेल, तर मुक्या जनावरास विनाकारण चटके मात्र बसतात.

पहिली गोष्ट, संशय येतांच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी व घोड्याचें रक्त तपासून घ्यावें. रक्त ताप चढलेला असतांनाच काढविणें चांगलें. कारण त्यावेळीं जंतु पुष्कळ असतात. एकदां जंतु दिसले नाहींत म्हणून रोग नाहीं असें ठरत नाहीं. पुन्हां तपासणी करावी लागते. रक्तांतील सूक्ष्म फरकांवरून लपलेला रोगही ओळखण्याच्या परीक्षा आतां उपलब्ध आहेत. हरियाणांत हिसार येथें राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तेथें या दोन्ही रोगांवर काम चालतें.

दुसरी गोष्ट, घोड्याचा ताप मोजून लिहून ठेवावा. निरोगी घोड्याची उष्णता विश्रांतीच्या वेळीं साधारणतः ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते. सकाळसंध्याकाळ मोजलेले आंकडे तारीखवार वहींत मांडले, तर तापाचा चढउतार वैद्यास एका दृष्टिक्षेपांत कळतो. हें काम आमच्या शाळेंतील कोणताही विद्यार्थी करूं शकेल. वडिलांस घोड्याची पारख असते, मुलास आंकड्यांची ओळख असते. दोघांनीं मिळून घोडा राखावा.

तिसरी गोष्ट, औषध वैद्याच्या हातूनच द्यावें. सर्रा रोगावर व गोचिडीच्या तापावर गुणकारी औषधें आहेत. परंतु तीं जहाल असून प्रमाण चुकल्यास घोड्यास अपाय करतात, आणि प्रमाण कमी पडल्यास जंतु त्या औषधास दाद देईनासे होतात. बाजारांतून आणलेली सुई एकामागून एक चार घोड्यांस टोंचणें, हें तर आपल्या हातानें घोडमाशीचें काम करण्यासारखें आहे. प्रत्येक घोड्यास स्वतंत्र सुई असावी.

चौथी गोष्ट, माशा व गोचिडी यांचा बंदोबस्त करावा. तबेल्याभोवतीं चिखल व लीद सांचूं देऊं नये. माशांच्या दिवसांत संध्याकाळीं कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. आजारी घोडा इतर घोड्यांपासून हांकेच्या अंतराबाहेर बांधावा. मध्यें माशीनें उडत जाण्याइतका वेळ गेला कीं तिची सोंड निरुपद्रवी होते. खरारा करतांना कानांच्या आंत, आयाळींत, जांघेंत व शेंपटीच्या मुळाशीं गोचिडी पाहाव्या. त्या हातानें चिरडूं नयेत. काढून रॉकेलांत टाकाव्या. भिंतींच्या फटी लिंपून चुना द्यावा. कारण कांहीं गोचिडी तेथेंच दडतात व अंडीं घालतात. बाजारांतून नवा घोडा आणला तर त्यास कांहीं दिवस वेगळा बांधून, त्याचें रक्त तपासून, मगच इतरांत मिसळूं द्यावें.

पांचवी गोष्ट, सर्रा रोगानें मेलेलें जनावर उघड्यावर टाकूं नये. तें मांस खाऊन कुत्र्यांसही हा रोग होतो. खोल खड्डा खणून त्यांत तें पुरावें.

शेवटची गोष्ट वैद्यकाची नसून सचोटीची आहे. ताप उतरलेल्या दिवसांत घोडा तकतकीत दिसतो, आणि तेवढ्यांत त्यास बाजारीं नेऊन विकण्याचा मोह होतो. घरांत पैशाची निकड असतां हा मोह किती अनावर असतो, हें आम्ही जाणतों. परंतु घेणाराही बहुधा आपल्यासारखाच गरीब असतो. तोही त्या घोड्याच्या भरंवशावर आपला संसार लादून निघणार असतो. वाटेंत घाटावर तो घोडा कोसळला, तर एका घराचें दुःख दुसऱ्या घरीं गेलें एवढेंच झालें. आणि बाजारांतील इतर पन्नास घोड्यांस धोका लागला तो निराळाच. आजारी घोडा लपवून विकणें व माशीनें रक्त एका घोड्यावरून दुसऱ्यावर नेणें, यांत भेद एवढाच कीं माशीस कळत नसतें.

विद्यार्थ्यांनो, डेरा इस्माइलखानच्या त्या पशुवैद्याजवळ आजच्या मानानें फार थोडीं साधनें होतीं: एक सूक्ष्मदर्शक, थोडें रक्त, आणि जें दिसलें तें दिसलें असें सांगण्याचें धैर्य. तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं घोडा आहे, त्यांनीं या सुट्टींत घरीं जातांच त्याच्या पापणीची आंतली बाजू उजेडांत पाहावी, कान चाचपावे, आणि ताप मोजून वहीचें पहिलें पान लिहावें. ज्यांच्या घरीं घोडा नाहीं, त्यांनीं हा लेख घोडा असलेल्या शेजाऱ्यास वाचून दाखवावा. घोडा आपलें दुखणें बोलून सांगत नाहीं. तें त्याच्या रक्तांत लिहिलेलें असतें, आणि वाचणारा मिळाला तर तो वांचतो.